फुटलेल्या खोक्याचा भार कोणावर?

(चारोटी परिसरातील कारागीर, बचत गटांच्या भगिनी आणि लघुउद्योजक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चारोटीची ओळख रस्त्यांनी घडवलेली आहे. मुंबई-अहमदाबाद हा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी आठ क्रमांकाचा होता आणि आज ४८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो, तो या गावावरून जातो. डहाणूकडून कासामार्गे जव्हारच्या घाटाकडे निघालेला रस्ता त्याला येथेच छेदतो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चैत्रात जाणारा यात्रेकरू याच नाक्यावर उतरतो. रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी पाहत येथील दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. परंतु त्या मालमोटारींत या परिसराचा माल फारसा नसे. तो कोणाचा तरी माल होता आणि कोणाच्या तरी गावाकडे चालला होता.

गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटू लागले आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगाच्या पाठीवर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या मागे हातात कुंचला धरणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन लाभले. चिकूच्या चकत्या, लोणचे, भुकटी, बांबूच्या वस्तू, चित्रे काढलेले कापड आणि मातीची भांडी हा सारा माल आता भ्रमणध्वनीवरून मागवला जातो आणि पार्सलाने पुण्याला, बंगळुरूला, कधी परदेशातही जातो.

यात एक मूलभूत बदल घडला आहे, तो प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. पूर्वी ग्राहक मालापाशी येत असे. यात्रेत, आठवडी बाजारात किंवा शहरातील प्रदर्शनात तो वस्तू हातात घेई, उलटीपालटी करून पाही, घासाघीस करी आणि पैसे टाकून निघून जाई. व्यवहार तेथेच संपे. आता माल ग्राहकाकडे जातो. दोघांच्या मध्ये शेकडो कोसांचा रस्ता आणि एकमेकांना न ओळखणारे दहा-पंधरा हात येतात. खोका फुटला, भिजला, कोणी मध्येच उघडला, आतली वस्तू काढून पुन्हा चिकटवला, तर दोष कोणाचा? आणि तोटा कोणाचा? दोष कोणाचाही असो, तोटा बहुधा साखळीतील सर्वांत लहान माणसाच्या अंगावर येऊन पडतो, हा अनुभव आहे. तो तसा पडू नये यासाठी काय करता येईल, हाच आजचा विषय आहे.

मोहर, वजन आणि जोखीम

दूरदेशी माल धाडण्याचा प्रश्न नवा नाही आणि त्यावर विचारही आजच सुरू झालेला नाही. मराठी भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोजच्या वापरात आहे, पण त्याच्या पोटात केवढी व्यवस्था दडली आहे याचे स्मरण क्वचितच होते. मराठेशाहीतील राजपत्रावर शिक्का माथ्यावर उमटवीत आणि मोर्तब अखेरीस. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये, हा मोर्तबाचा अर्थ. पत्र लांब असेल तर कागदाचे तुकडे एकापुढे एक डकवीत आणि पाठीमागे नेमक्या सांध्यावर मोहर उठवीत. मधला एखादा तुकडा कोणी बदलला तर मोहरेची दोन अर्धुके जुळत नसत आणि लबाडी तत्काळ उघडी पडे. मोहर चोराचा हात धरीत नाही, तिचे काम चोरी लपू न देण्याचे आहे. आजच्या पार्सलाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते.

व्यापाऱ्यांनी तर याहून पुढची पायरी गाठली होती. हुंडीच्या अनेक प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. वाटेत माल बुडाला वा लुटला गेला तर नाही. वाटेतली जोखीम कोणाची, हे माल निघण्यापूर्वीच ठरलेले असे आणि ती जोखीम पत्करणाऱ्याला तिचा मोबदलाही मिळत असे. इंग्रजी अमदानीत टपाल खाते आले, त्यानेही ही तत्त्वे निराळ्या रूपात चालविली. मौल्यवान पार्सल लाखेने मोहरबंद करावयाचे, तोलून त्याचे वजन लिहावयाचे, विमा उतरवावयाचा आणि ग्राहकाने पैसे भरल्यावरच माल त्याच्या हाती द्यावयाचा. या शेवटच्या पद्धतीला व्ही.पी. म्हणत. मराठी पुस्तकांचा आणि मासिकांचा केवढा तरी प्रसार या व्ही.पी.च्या आधारावर खेड्यापाड्यांत झाला. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून जे नवे वाटते, त्याचे हे पूर्वरूप होय.

टपालाच्या या परंपरेत एका मराठी माणसाचा वाटाही मोठा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात जो सहा आकडी पिन क्रमांक सुरू झाला, तो त्यांच्या बुद्धीतून उतरलेला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या यांच्या गोंधळातून पार्सल नेमक्या ठिकाणी जावे, ही त्यामागची तळमळ होती. पत्त्यात पिन चुकीचा लिहिणे म्हणजे आपल्या खोक्याला आणखी चार ठिकाणी आपटण्याची संधी देणे होय.

मोहर, वजन आणि आधी ठरलेली जोखीम ही तीन तत्त्वे मनाशी धरली की पुढचा विचार सोपा होतो.

खोक्यावर वाटेत काय गुदरते?

चारोटीहून निघालेले पार्सल सरळ ग्राहकाच्या दारी जात नाही. ते प्रथम गाडीत पडते, मग एखाद्या मोठ्या गोदामात उतरते. तेथे त्याची छाननी होते, ते दुसऱ्या गाडीत चढते, दुसऱ्या शहरातील गोदामात जाते आणि अखेर एखाद्या तरुणाच्या दुचाकीवरील पिशवीत कोंबले जाते. प्रत्येक चढ-उतारात ते हातातून सुटू शकते. प्रत्येक थप्पीत त्याच्यावर दुसऱ्या मालाचे ओझे येते. ‘सांभाळून हाताळा’ ही सूचना खोक्यावर लिहावी जरूर, पण ती कोणी वाचणार नाही असे समजूनच आतली बांधणी करावी.

वारली चित्राचे उदाहरण घ्यावे. मूळची ही कला भिंतीवरची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींना ते चित्र कधी प्रवासाला निघेल अशी कल्पनाही नव्हती. कापडावर उतरलेले तेच चित्र घडी घालून पाठवले तर घडीवर रंगाला भेगा जातात. म्हणून ते गुंडाळावे, तेही रंगाची बाजू शक्यतो बाहेर ठेवून आणि फार घट्ट न आवळता. वर मऊ, कोरा कागद घ्यावा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. मग प्लास्टिकचे आवरण आणि त्याबाहेर जाड पुठ्ठ्याची वा पीव्हीसीची नळी असावी. चौकटीत बसवलेले चित्र काचेसह पाठविण्याचा मोह टाळावा. फुटलेली काच चित्रही फाडते आणि खोका उघडणाऱ्याचा हातही कापते.

चिकूची गोष्ट निराळी. तो झाडावरून उतरल्यावर पिकतो आणि पिकला की दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. एक फळ चेपले की त्याचा रस शेजारच्या फळांना लागतो आणि सबंध खोका आंबतो. त्यामुळे ताजा चिकू पाठवताना कडक फळ निवडणे, खोक्याला वायुवीजनाची भोके ठेवणे आणि फळे हलणार नाहीत अशी रचना करणे अटळ आहे. जेथे माल चार-पाच दिवसांत पोहोचण्याची शाश्वती नाही, तेथे ताजे फळ न पाठवता चकत्या वा भुकटी पाठवणेच शहाणपणाचे. लोणच्याच्या बरणीचे झाकण चिकटपट्टीने पक्के करून ती स्वतंत्र पिशवीत बंद करावी. बरणी फुटलीच तर तेल बाहेर येऊन इतरांचीही पार्सले खराब होऊ नयेत, एवढी काळजी शेजारधर्म म्हणूनही घ्यावी.

पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पदरी, पाच पदरी आणि सात पदरी असे प्रकार येतात. वजनदार वा नाजूक मालाला तीन पदरी खोका वापरून वाचवलेले चार-सहा रुपये पुढे शेकड्यांनी जातात. डहाणू-तलासरीच्या पावसात पुठ्ठा दमट होतो आणि दमट पुठ्ठ्याची ओझे पेलण्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटते. रिकामे खोके जमिनीवर न रचता फळीवर रचणे, ही साधी गोष्टही तोटा वाचवते. बांधणी हे एक शास्त्र आहे. त्यासाठी १९६६ पासून मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था कार्यरत आहे. या विद्येची ओळख आपल्या कारागिरांना करून देणे हे मोठे काम ठरेल.

अपघाताने फुटलेला खोका आणि हेतुपुरस्सर उघडलेला खोका यांत भेद आहे. पहिल्यात कोपरे दबतात, पुठ्ठा फाटतो, ओल दिसते. दुसऱ्यात बहुधा खोका वरवर शाबूत असतो. पण चिकटपट्टी दुहेरी दिसते, एका बाजूची पट्टी निराळ्या रंगाची असते, चिठ्ठीची कड उचकटून पुन्हा बसवलेली असते आणि मुख्य म्हणजे वजन जुळत नाही. म्हणूनच सांध्यावरच्या मोहरेची ती जुनी युक्ती येथे कामी येते. पट्टी आणि पुठ्ठा या दोहोंवरून जाईल अशी सही वा शिक्का पक्क्या शाईने उमटवावा. आपल्या गटाचे नाव छापलेली पट्टी वापरली तर अधिक उत्तम. ती बाजारात कोणालाही सहज मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचे नाव काढले की सामान्य माणूस बिचकतो. परंतु या विषयातील चार-पाच नियम प्रत्येक विक्रेत्याला पाठ असावेत इतके उपयोगाचे आहेत.

१९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल वाहकाच्या स्वाधीन केला की प्रथमदर्शनी तो ग्राहकालाच दिला असे मानले जाते. मात्र मालाचे स्वरूप पाहून वाहकाशी योग्य तो करार करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य त्याच कायद्यात सांगितले आहे. ऑनलाइन व्यापारात पारडे ग्राहकाकडे झुकले आहे आणि ते रास्तही आहे, कारण ग्राहकाने वस्तू पाहिलेलीच नसते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार सदोष माल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल वा ठरल्या मुदतीनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे, हेही त्या नियमांत आहे. तेव्हा ‘कुरिअरवाल्याला विचारा’ असे सांगून ग्राहकाला वाटेला लावणे हे नीतीला धरून नाही आणि नियमालाही नाही.

मग विक्रेत्याने दाद कोणाकडे मागावयाची? माल खासगी कुरिअरने गेला असेल तर २००७ चा रस्ते वाहतूक कायदा पाहावा. हा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि त्याने १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यात दारापासून दारापर्यंत माल नेणाऱ्या कुरिअर संस्थेचा समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे. त्यातील दोन गोष्टी कळीच्या आहेत. पहिली अशी की, मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहकाची जबाबदारी मर्यादित राहते. नियमांप्रमाणे ती वाहतूक भाड्याच्या दसपटीपर्यंतच जाते. दुसरी अशी की, माल नोंदवल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस दिली नसेल, तर पुढे दावाच लावता येत नाही. दूरध्वनीवर केलेली शंभर गाऱ्हाणी या एका कागदाची जागा घेऊ शकत नाहीत.

पावतीच्या मागील बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचा धडा १९९६ च्या एका निकालात आहे. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात जर्मनीतील ग्राहकाकडे कुरिअरने धाडलेली मालाची कागदपत्रे पोहोचली नाहीत आणि कापड निर्यातदाराचे मोठे नुकसान झाले. परंतु त्याने सही केलेल्या पावतीवर वाहकाची जबाबदारी शंभर डॉलरपुरती मर्यादित असल्याचे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती सही बंधनकारक मानली आणि भरपाई तेवढ्यावरच थांबली. ज्या कागदावर सही होते, तो वाचूनच सही करावी, हा आजोबांचा उपदेश न्यायालयानेही अशा रीतीने उचलून धरला.

टपाल खात्याचे गणित वेगळे आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने हरवणूक, विलंब वा नुकसान यांबद्दलच्या जबाबदारीतून सरकारला जवळजवळ मुक्त ठेवले होते. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही नियमांनी जेवढी जबाबदारी ठरवून दिली असेल तेवढीच खात्यावर येते. कर्मचाऱ्याने लबाडीने वा जाणूनबुजून नुकसान केले असेल तर मात्र त्याला संरक्षण नाही. म्हणून टपालाने मौल्यवान वस्तू पाठवताना विम्याची सोय विचारून घ्यावी. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हाती देण्याची सोयही त्यानंतर टपालाने अल्प दरात सुरू केली. भलत्याच माणसाच्या हाती पार्सल जाऊ नये यासाठी ती उपयोगी आहे.

रेल्वेचा नियम तर आदर्श म्हणावा असा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ८१ व्या कलमानुसार माल खराब स्थितीत आला असेल किंवा त्याच्याशी छेडछाड झाल्याच्या खुणा दिसत असतील, तर घेणाऱ्याने मागणी करताच रेल्वेने तो त्याच्यासमक्ष उघडून द्यावयाचा असतो. भरपाईची नोटीस मात्र सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. ‘समक्ष उघडून घेणे’ ही पद्धत खरे पाहता प्रत्येक पार्सलाला लागू व्हावयास हवी. काही ऑनलाइन बाजारपेठांनी महागड्या वस्तूंपुरती ती स्वीकारलीही आहे.

आणखी एक बारकावा येथील कारागिरांनी जाणून घ्यावा. १९८६ च्या ग्राहक कायद्यात २००२ ची दुरुस्ती झाल्यावर स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोहोंना ‘व्यापारी हेतू’तून वगळलेले होते. त्यामुळे पोटापुरता धंदा करणारा माणूस कुरिअर संस्थेविरुद्ध ग्राहक म्हणून उभा राहू शके. २०१९ च्या कायद्यातील स्पष्टीकरणात वस्तूंचा उल्लेख राहिला, सेवांचा गळला. चित्र काढून ते पार्सलाने विकणाऱ्या वारली कलावंताची वाट त्यामुळे अवघड झाली आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकासाठी कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. संघटित मागणीतून कायदा येतो, तसा तो सुधारूही शकतो. सेवांचा हा उल्लेख कायद्यात पुन्हा यावा, ही मागणी या भागातून उठणे सयुक्तिक ठरेल.

पुरावा निघण्यापूर्वी

या साऱ्याचे सार एवढेच की, खोका फुटल्यावर पुरावा शोधू गेल्यास तो हाती लागत नाही. पुरावा खोका निघण्यापूर्वी तयार ठेवावा लागतो.

तो ठेवणे कठीण नाही. माल भरताना अखंड चित्रफीत घ्यावी. वस्तू, तिच्यावरचा क्रमांक, खोक्यात ठेवणे, पट्टी लावणे, सांध्यावरची सही, वजनकाट्यावरचा आकडा आणि पत्त्याची चिठ्ठी हे सर्व मध्ये न थांबता एकाच चित्रणात यावे. पत्त्याची दुसरी प्रत खोक्याच्या आतही टाकावी. बाहेरची चिठ्ठी निघाली तरी माल बेवारस होत नाही. वाहकाच्या पावतीवर वजन नमूद झाले आहे ना, हे तेथेच पाहावे. पार्सल दारी पोहोचल्यावर वजन कमी भरले तर ती पावती बोलू लागते. अशा चित्रणाची मूळ फाइल सांभाळून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते, याचीही जाणीव असावी.

ग्राहकालाही आधीच चार ओळींची सूचना द्यावी : खोका फुटलेला वा उघडलेला दिसला तर घेण्यापूर्वी छायाचित्र काढा, तसा शेरा पोच देताना लिहा आणि उघडताना चित्रण करा. ही सूचना विनयाने लिहावी. ग्राहकावर संशय घेतला जात आहे असे त्याला वाटता कामा नये. आपल्या दोघांच्याही हितासाठी हे आहे, असे वाटावे.

आणि तक्रार आलीच तर क्रम चुकवू नये. प्रथम ग्राहकाचे समाधान, मग वाहकाशी भांडण. ग्राहकाला उत्तर त्याच दिवशी जावे. छायाचित्रे पाहून दुसरी वस्तू किंवा पैसे, जे त्याला हवे ते द्यावे आणि त्याच दिवशी वाहकाकडे वा ऑनलाइन बाजारपेठेकडे लेखी दावा दाखल करावा. प्रत्येक बाजारपेठेची दाव्याची मुदत निराळी असते आणि ती बहुधा फार थोडी असते. परत आलेला माल तर चित्रण चालू ठेवूनच उघडावा. चित्र परत येण्याऐवजी जुने कापड येणे, भरलेल्या बरणीऐवजी रिकामी येणे, असे प्रकार याच परतीच्या वाटेवर घडतात. दाद मिळत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावण्याचा मार्ग ग्राहकाला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याला मार्गदर्शनही मिळते, हे त्याला सांगण्यात विक्रेत्याने कमीपणा मानू नये.

संशय आणि सचोटी

येथे एका गोष्टीचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा. खोका फुटला की सर्वांचे बोट प्रथम जाते ते दारात उभ्या असलेल्या तरुणाकडे. तो कोण असतो? बहुधा याच महामार्गालगतच्या एखाद्या पाड्यावरचा, शिकून नोकरी न लाभलेला मुलगा. दिवसाला इतकी पार्सले वाटली तर इतके पैसे, असा त्याचा हिशेब. पार्सल त्याच्या हाती येण्यापूर्वी दहा हातांतून गेलेले असते, पण त्या दहा हातांना चेहरा नसतो, याला आहे. पुराव्यावाचून त्याच्यावर आळ घेणे हे आपल्याच घरातल्या माणसावर अन्याय करण्यासारखे आहे. टप्प्याटप्प्याला वजन नोंदले गेले, तर कोणत्या गोदामात घट झाली हे कळते आणि निरपराध माणूस सुटतो. पुराव्याची शिस्त कारागिराला तारते, तशी ती या तरुणाचीही अब्रू राखते.

सचोटीची अपेक्षा एकतर्फी असू शकत नाही. कच्च्या बांधणीने फुटलेला माल वाहकाच्या माथी मारणे, मुळातच तडा गेलेली वस्तू पाठवून ‘वाटेत फुटली’ म्हणणे, ही विक्रेत्याची लबाडी झाली. वस्तू वापरून ‘फुटकी आली’ म्हणणे ही ग्राहकाची. अशी प्रत्येक खोटी तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी करते. प्रत्येकाकडे चोर म्हणून पाहणारी व्यवस्था उभी राहिली, की तिच्या कडक नियमांचा जाच सर्वाधिक कोणाला होतो? ज्याच्याजवळ वकील नाही, हिशेबनीस नाही, त्यालाच.

एकट्याचा तोटा, सर्वांचा भार

समजा, एका चित्रकाराने दीड हजार रुपयांचे चित्र नव्वद रुपये भाडे देऊन पाठवले. किंमत जाहीर केली नाही. चित्र भिजून खराब झाले. दसपटीचा नियम लावला तर जास्तीत जास्त नऊशे रुपये मिळणार, तेही दावा मान्य झाला तर. ग्राहकाला दीड हजार परत करावे लागले, भाडे गेले आणि आठ दिवसांची मेहनत मातीमोल झाली. शिवाय ग्राहकाने वाईट शेरा लिहिला, तर पुढच्या दहा मागण्या येत नाहीत. मोठ्या व्यापाऱ्याच्या हजार खोक्यांतले वीस फुटले तर तो तोटा तो किमतीत धरून चालतो. ज्याचे महिन्याला पाचच खोके जातात, त्याचा एक फुटला तर महिनाच फुटतो.

यावरचा उपाय एकट्याने साधणारा नाही. पंचक्रोशीतील दहा-पंधरा कारागीर आणि बचत गट यांनी एकत्र येऊन चारोटीला बांधणीची एक समाईक जागा ठेवावी. तेथे एक वजनकाटा, चित्रणासाठी एक पक्का बसवलेला भ्रमणध्वनी, छापील पट्टी आणि घाऊक भावाने घेतलेले पाच पदरी खोके असावेत. वाहकाशी करार एकट्याने न करता गटाने करावा. दरमहा पाच पार्सले देणाऱ्याचे जे ऐकले जात नाही, ते दोनशे देणाऱ्याचे ऐकले जाते. दर, विमा आणि दाव्याची मुदत या तिन्ही गोष्टी बोलून ठरवता येतात. एखाद्या शिकलेल्या मुलीने वा मुलाने दाव्यांची वही सांभाळावी, त्यात पाठवल्याची तारीख, वजन, पावती क्रमांक, तक्रारीची तारीख आणि नोटिसीची शेवटची तारीख लिहावी. आणि प्रत्येक पार्सलामागे काही रुपये बाजूला काढून एक छोटा तोटानिधी उभारावा. ज्याचा खोका फुटेल, त्याच्या घरची चूल त्यामुळे विझणार नाही. वर उल्लेखलेल्या जोखमी हुंडीतला विचार तो हाच. फक्त येथे जोखीम सावकाराऐवजी शेजाऱ्यांनी वाटून घ्यावयाची आहे.

हे अशक्य नाही. मुंबईत १९७५ पासून ग्राहक पंचायतीने सामान्य कुटुंबांचे छोटे छोटे संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्रित खरेदी आणि वाटणी चालवून दाखवली आहे. ग्राहकांना जे जमले, ते कारागिरांना का जमू नये? शहरात राहणाऱ्या, हिशेब आणि कायदा जाणणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी या कामासाठी महिन्यातला एक रविवार दिला, तर एका गटाची कागदपत्रे सहज मार्गी लागतील. नोटीस कशी लिहावी, करार कसा वाचावा, एवढे शिकवण्याला पैसा लागत नाही.

चारोटीच्या नाक्यावरून आज जी वाहने धावत आहेत, त्यांतल्या काहींत आता या मातीचा माल आहे. त्यातला प्रत्येक खोका ज्याने बांधला त्याचे नाव घेऊन निघालेला असतो. तो शाबूत पोहोचावा यासाठी बांधणी पक्की हवी. तो न पोहोचल्यास न्याय मिळावा यासाठी नोंद पक्की हवी. आणि न्यायाला उशीर झाला तरी माणूस उभा राहावा यासाठी शेजारी पक्के हवेत. बांधणी आणि नोंद या गोष्टी उद्या सकाळच्या पहिल्या पार्सलापासून सुरू करता येतील. तिसरीची सुरुवात आज येथून उठण्यापूर्वी शेजारच्या आसनावरील माणसाशी बोलून करावी.